कंपनीच्या कचऱ्यावर वीज: जर्मनी-जपानात काय चालतं आणि कुपवाडात काय चालेल

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुपवाड एमआयडीसीत रबर आणि प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट आहे, आजूबाजूच्या चार-पाच जणांचं मिळून रोज दोनेक टन वेस्ट निघतं, म्हणजे रबराचा फ्लॅश (साच्याच्या कडेनं सुटणारं जादा रबर), प्लास्टिकचं रिजेक्शन, पॅकिंगच्या पिशव्या, आणि थोडा पेंट स्लज म्हणजे रंगाचा गाळ. एक पार्टी येऊन सांगून गेली की यावर एक मेगावॅटचा प्लांट बसतो, जर्मनी-जपानमध्ये गावंच्या गावं अशा विजेवर चालतात, तुम्ही फक्त जागा द्या आणि पैसे लावा. तर हे खरं आहे का, कुठल्या देशात हे कसं चालतं, आणि आपल्याकडं का होत नाही?

माझं आयुष्य बॉयलरपुढं गेलंय, आधी साखर कारखान्यांच्या कोजनमध्ये, म्हणजे उसाचा चोथा (बगॅस) जाळून वाफ आणि वीज दोन्ही करतात तिथं, आणि नंतर मिरज-कुपवाडपासून तासवडे-शिरवळपर्यंत लोकांच्या बॉयलरची आणि इंधनाची कामं करण्यात, त्यामुळं आधी हिशोब करू आणि मग जर्मनीला जाऊ.

तुमचं वेस्ट सरासरी किलोला ६००० किलोकॅलरीचं धरू, रबर आणि प्लास्टिकचं मिश्रण आहे म्हणून एवढं धरतोय, ओलं किंवा मातीचं असेल तर यातही कमी होणार. दोन टन म्हणजे रोज १ कोटी २० लाख किलोकॅलरी. ८६० किलोकॅलरीला एक युनिट, म्हणजे साधारण चौदा हजार युनिटची उष्णता झाली. ही उष्णता हां, वीज नव्हे. एवढ्या लहान बॉयलर-टर्बाईनवर शंभरातले दहा-बारा हातात पडतात, बाकीचे चिमणीतनं आणि कंडेन्सरमधनं जातात. म्हणजे दिवसाला दीड हजार युनिट, चोवीस तासांनी भागलं की साठ-बासष्ट किलोवॅट, त्यातनं धूर ओढणारा आयडी फॅन, बॉयलरला पाणी देणारा फीड पंप, धुरातली राख गाळणाऱ्या बॅग फिल्टरचा कॉम्प्रेसर यांचं वजा करा, पन्नास राहतील. एक मेगावॅट पाहिजे असेल तर दिवसाला चोवीस हजार युनिट पाहिजेत, पंधरा टक्के एफिशियन्सी धरली तरी रोज तेवीस टन असलं इंधन लागतं, तेही कोरडं आणि एकसारखं. आता दोन टनांवर मेगावॅट कसा निघतो ते त्या पार्टीलाच कागदावर लिहून द्यायला सांगा. आणि पन्नास किलोवॅटसाठी तिन्ही शिफ्टला सर्टिफिकेटवाला बॉयलर अटेंडंट, आरओचं पाणी, चिमणीचं मॉनिटरिंग, राख उचलायचा खर्च, हे सगळं आलंच.

बरं, मग बाहेरचे देश खोटं बोलतात का? नाही. ते खरंच जाळतात आणि वीजही करतात. पण तिथं पैसा विजेतनं येत नाही. पैसा येतो कचरा घेताना, टनामागं गेट फी मिळते ती, आणि दुसरा येतो वाफ किंवा गरम पाणी विकून. वीज ही वरची मलई आहे. माझ्या मते या सगळ्या विषयाची गोम इथंच आहे, त्यामुळं कुठल्याही देशाचं उदाहरण कुणी तोंडावर टाकलं की ‘किती मेगावॅट’ हे विचारायच्या आधी ‘कचरा घ्यायचे पैसे कोण देतं आणि वाफ कोण विकत घेतं’ हे विचारा.

आता देशांच्या ऊर्जेच्या आकडेवारीत ‘नॉन-रिन्यूएबल इंडस्ट्रियल वेस्ट’ असा कॉलम असतो, ते काय प्रकरण आहे ते सांगतो, कारण आकड्यांचा घोळ इथनंच सुरू होतो. आपल्या कारखान्यांचा बगॅस हा पण इंडस्ट्रीचा वेस्टच, डिस्टिलरीचा स्पेंट वॉश पण वेस्टच, पण ते उसातनं आलेलं आहे, त्यातला कार्बन गेल्या वर्षी हवेत होता, म्हणून त्याची वीज रिन्यूएबलमध्ये धरतात. टायर, प्लास्टिक, सॉल्व्हंट, जळकं ऑईल, पेंट स्लज हे सगळं शेवटी क्रूडमधनं आलेलं, म्हणून हे नॉन-रिन्यूएबल. एक किलो पॉलिथिन पूर्ण जळलं की तीन किलोच्या वर कार्बन डायऑक्साईड निघतो, म्हणजे हे जाळणं आणि फर्नेस ऑईल जाळणं यात हवेच्या दृष्टीनं फार फरक नाही. गावाचा म्हणजे नगरपालिकेचा कचरा अर्धा-अर्धा असतो, आयईए म्हणजे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पद्धतीत नेमकी विभागणी माहीत नसेल तर सरळ निम्मा रिन्यूएबल आणि निम्मा नॉन-रिन्यूएबल धरतात. स्टील प्लांटचा ब्लास्ट फर्नेस गॅस या कॉलममध्ये येतच नाही, तो कोळशापासनं बनलेल्या गॅसमध्ये जातो. म्हणजे जेएसडब्ल्यूच्या तोरणगल्लूच्या स्टील प्लांटला कोरेक्स गॅसवर (कोळशानं लोखंड बनवताना निघणाऱ्या) वीज होते ती वेगळ्या खात्यात. आणि सिमेंट किंवा स्पंज आयर्नच्या भट्टीच्या वाया जाणाऱ्या गरम हवेवर टर्बाईन फिरवला तर ती वेस्ट हीट, वेस्ट फ्युएल नव्हे, तीही इथं मोजत नाहीत.

हे सांगायचं कारण असं की एका देशाचा आकडा मोठा आणि दुसऱ्याचा शून्य दिसला म्हणून शून्यवाला कचरा जाळत नाही असं नसतं, त्यानं तो सिमेंटच्या भट्टीत जाळला असेल, वीज झाली नाही म्हणून कॉलम रिकामा. आणि सगळ्या जगाचा गावचा आणि कंपन्यांचा मिळून कचरा धरला तरी त्याची वीज एकूण विजेच्या एक टक्क्याच्या आतच आहे. त्यामुळं ‘देश चालतात’ वगैरे भाषा सोडून द्यायची.

कोरियाची गंमत बघा. तिथं बरीच वर्षं प्लास्टिकचा, कंपन्यांचा असला कचरा जाळून केलेली ऊर्जा ‘न्यू अँड रिन्यूएबल’ या सदराखाली मोजत होते आणि त्यांच्या रिन्यूएबलच्या आकड्यात तिचा वाटा मोठा होता. लोक म्हणायला लागले की प्लास्टिक जाळून हिरवे कसे काय तुम्ही, शेवटी कायदा बदलला आणि ऑक्टोबर २०१९ पासनं नॉन-रिन्यूएबल कचरा त्या यादीतनं बाहेर काढला. त्याच देशात नाजू शहरात कचऱ्यापासनं केलेल्या सॉलिड फ्युएलवरचा प्लांट बांधून तयार झाला आणि गावकऱ्यांच्या विरोधामुळं वर्षानुवर्षं अडकून पडला. पैसे गुंतवणाऱ्यांनी हे नाजूचं प्रकरण आधी वाचावं. आपल्याकडंसुद्धा एमआयडीसीला लागून वस्ती असते, धूर दिसला की दुसऱ्या दिवशी निवेदन जातं आणि ते बरोबरच आहे.

जर्मनी. जून २००५ पासनं तिथं कचरा प्रक्रिया न करता खड्ड्यात पुरायला बंदी आली. मग कंपन्यांचा जळण्यासारखा कचरा जायचा कुठं? त्यातनं तुकडे करून, लोखंड काढून इंधन बनवायचा धंदा उभा राहिला आणि त्या इंधनावर चालणारे प्लांट मोठ्या कारखान्यांच्या अंगणातच बसले. फ्रँकफर्टजवळ होख्स्ट नावाचं केमिकल कंपन्यांचं मोठं पार्क आहे, तिथला प्लांट वर्षाला साडेसहा लाख टनांच्या वर कचरा घेऊ शकतो आणि त्याची वाफ त्याच पार्कमधल्या कंपन्यांना जाते. चोवीस तास वाफ ओढणारं गिऱ्हाईक भिंतीपलीकडं, हे समजून घ्या, नाहीतर त्या प्लांटचा हिशोब बसत नाही. पुढं असे प्लांट इतके झाले की कचरा कमी पडायला लागला, गेट फी घसरली, आणि काही प्लांटवाल्यांचं कंबरडं मोडलं. म्हणजे कचऱ्याचापण भाव पडतो.

आणि धोका म्हणाल तर जुलै २०२१ मध्ये लेव्हरकुसेनला केमिकल पार्कच्या कचरा जाळायच्या ठिकाणी लिक्विड वेस्टच्या टाकीचा स्फोट झाला, सात माणसं गेली. जर्मनांसारखी शिस्त असूनसुद्धा. टाकीत कुणाचा कुठला सॉल्व्हंट कशात मिसळला जातोय हे कळणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. आपल्याकडं ड्रमवर लेबलसुद्धा नसतं राव.

जपानचं उदाहरण तुमच्या सगळ्यात जवळचं आहे. तिथं आरपीएफ नावाचं इंधन आहे, कंपन्यांचा रिसायकल न होणारा कागद आणि प्लास्टिक दाबून केलेल्या कांड्या, आपल्याकडच्या ब्रिकेटसारख्याच. यात मेख अशी की हा कचरा कुठल्या कंपनीतनं आला हे माहीत असतं, त्यामुळं त्यात काय आहे हेही माहीत असतं, ओलावा कमी आणि क्लोरीन तपासलेलं. २०१० साली त्याला त्यांचं जेआयएस स्टँडर्डसुद्धा झालं. जाळतं कोण, तर पेपर मिलवाले. त्यांना वाफ पण लागते आणि वीज पण, पूर्वी कोळसा जाळत होते त्याच्या जागी हे. आता याच्या शेजारी गावच्या कचऱ्याच्या आरडीएफचं, म्हणजे गावचा कचरा वाळवून-दाबून केलेल्या इंधनाचं, काय झालं बघा: मिए प्रांतात ऑगस्ट २००३ मध्ये आरडीएफ साठवायच्या सायलोत आग धुमसत होती, ती विझवताना स्फोट झाला आणि दोन फायरमन गेले. ओल असली की आतल्या आत कुजून तापतं, गॅस धरतो. कापसाचा ओला गंजीवजा ढीग आतनं पेटतो हे शेतकऱ्याला सांगायला नको, तसंच. म्हणून साठा किती आणि किती दिवस हे कागदावर ठरलेलं पाहिजे, आणि पावसाळ्यात तुमच्या शेडची काय अवस्था असते ते तुम्हालाच माहीत.

आता माझ्या आवडीच्या विषयावर येतो, ट्यूबा. कोजनवाला माणूस पहिला प्रश्न विचारतो की बगॅसचा बॉयलर ६७ किलो प्रेशरला, ८७ ला, ११० ला चालतो, स्टीम ४८५ पासनं ५४० डिग्रीपर्यंत नेतो, मग कचऱ्याचे बॉयलर चाळीस बार आणि चारशे डिग्रीवरच का थांबतात? कारण क्लोरीन. पीव्हीसीच्या वजनात ५७ टक्के क्लोरीन असतं. वायरचं कव्हर, जुन्या पाईपचे तुकडे, रेक्झिन, चपलांचे काही सोल, सगळीकडं हे. ते जळून सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या, ट्यूबवर क्षारांचा थर बसतो, क्लोरीन त्या थराखाली लोखंड खातं, लोखंडाचं क्लोराईड होतं, ते बाहेर येऊन ऑक्साईड होतं आणि क्लोरीन परत मोकळं, पुन्हा आत खायला. म्हणजे एकच क्लोरीन परत परत काम करतं. ट्यूब जेवढी गरम तेवढं खाणं जोरात.

एका ठिकाणी, नाव नको, बगॅस कमी पडला म्हणून चपलांच्या कारखान्याची कातरण आणून मिसळली होती. सीझन संपल्यावर ओव्हरहॉलिंगला सुपरहीटर उघडला तर ट्यूबवर तांबूस-पिवळट खपली, नखानं उचकटली की करंजीच्या पुडासारखे पापुद्रे सुटत होते, आणि थिकनेस गेज लावला तर साडेचार एमएमची ट्यूब कुठं तीन, कुठं अडीच. वरनं बघून काही कळत नव्हतं, रंग मारला असता तर नवी वाटली असती. कातरणीत वाचलेले पैसे त्या एका बँकच्या बदलीत गेले असणार, वर पुढच्या सीझनला उशीर झाला तो वेगळा. म्हणून कुणी म्हणालं की ‘तुमच्या नाहीतर कारखान्याच्या बगॅस बॉयलरमध्येच हे प्लास्टिक मारू या’, तर सरळ नाही म्हणा. त्या बॉयलरला त्या कचऱ्याचं कन्सेन्ट (प्रदूषण मंडळाची परवानगी) नसतं हा एक भाग, आणि ट्यूबा राहत नाहीत हा दुसरा.

फिनलंडवाल्यांनी यावर छान उपाय काढला. लाहती नावाचं गाव आहे, आपल्या सांगली-मिरज-कुपवाडच्या मानानं लहानच, तिथं २०१२ साली किमिजार्वी-दोन नावाचा प्लांट सुरू झाला. तिथं कचरा सरळ जाळत नाहीत. आधी त्याचा गॅस करतात, तो गॅस चारशे डिग्रीपर्यंत थंड करतात, त्यात क्लोरीनचे क्षार घट्ट होऊन बसतात, ते फिल्टरमध्ये अडकवतात, आणि मग साफ झालेला गॅस बॉयलरमध्ये जाळतात. त्यामुळं स्टीम ५४० डिग्री आणि १२१ बारपर्यंत नेता येते, म्हणजे आपल्या चांगल्या कोजनच्या बरोबरीला. पन्नास मेगावॅट वीज आणि नव्वद मेगावॅट उष्णता, आणि ही उष्णता पाईपनं गावातल्या घरांना जाते. आता बघा, यासाठी वर्षाला अडीच लाख टन इंधन लागतं, म्हणजे दिवसाला जवळपास सातशे टन. एका मेगावॅटला रोज साधारण चौदा टन, तेही जगातल्या चांगल्यात चांगल्या प्लांटमध्ये. तुमच्या दोन टनांची गोष्ट परत आठवा.

स्वीडन-डेन्मार्कचं गुणगान सगळे करतात, स्वीडन कचरा आयात करतो वगैरे. खरं आहे, पण पैसे देऊन नव्हे, पैसे घेऊन. ब्रिटनमध्ये कचरा खड्ड्यात टाकायला लँडफिल टॅक्स आहे, एप्रिल २०२५ ला तो टनाला १२६.१५ पौंड झाला होता, म्हणून तिथला माणूस म्हणतो बोटीनं बाहेर पाठवणं परवडलं. आणि तिकडं थंडी असल्यामुळं वर्षातले बरेच महिने घरं तापवायला उष्णता लागतेच, पाईपलाईन आधीच घातलेली. आपल्याकडं मे महिन्यात सांगलीत कुणाला गरम पाणी विकणार?

राखेचं कुणी बोलत नाही. जाळलं की संपलं असं वाटतं, पण तळाची राख वीस-पंचवीस टक्के राहते आणि बॅग फिल्टरमधली बारीक राख दोन-चार टक्के, ती खरी विषारी, शिसं, कॅडमियम, डायॉक्सिन सगळं त्यात येऊन बसतं. जर्मनी ती मिठाच्या जुन्या खाणीत भरते. नॉर्वेत लँगोया नावाच्या बेटावर अशी राख आणून कंपन्यांच्या वाया गेलेल्या सल्फ्युरिक ॲसिडबरोबर न्यूट्रल करून चुनखडीच्या जुन्या खाणीत भरत आले, म्हणजे एकाच्या कचऱ्यानं दुसऱ्याचा कचरा मारायचा. सिंगापूर आपली सगळी राख बार्जमधनं सेमाकाऊ बेटावर नेतो, आणि तेसुद्धा २०३५ च्या आसपास भरेल असा त्यांचाच अंदाज आहे. तुमच्या पार्टीच्या कोटेशनमध्ये राखेची लाईन कुठाय ते बघा.

टायरवर वीज हे अमेरिकेनं करून बघितलं. कॅलिफोर्नियात वेस्टली इथं टायरच्या डोंगराशेजारीच १९८७ च्या सुमारास टायर जाळून वीज करायचा प्लांट बसला होता. विचार चांगला होता, इंधन दारातच. पण टायर येत होते त्यापेक्षा जास्त, ढीग काही संपला नाही, आणि सप्टेंबर १९९९ मध्ये त्या ढिगावर वीज पडली. आकाशातली. सत्तर लाखांच्या आसपास टायर होते, आग महिनाभर चालली, वितळलेलं तेल ओढ्यात वाहत गेलं. त्यानंतर तो प्लांट बंदच झाला. पूर्वेकडं कनेटिकटमध्ये स्टर्लिंगला टायरवर चालणारा दुसरा प्लांट १९९१ पासनं होता, तोही २०१३ ला बंद झाला. टायरचं इंधन वाईट नाही, सात-आठ हजार किलोकॅलरी म्हणजे आपल्या देशी कोळशाच्या जवळजवळ दुप्पट, पण ते नुसत्या विजेसाठी स्पेशल बॉयलर बांधून जाळणं परवडत नाही. तिथं आता ते सिमेंटमध्ये आणि पेपर मिलमध्ये कोळशाबरोबर मिसळून जातं.

प्लाझ्मा, म्हणजे विजेच्या प्रचंड तापलेल्या ज्योतीनं कचरा मोडायचं तंत्र. ही पण एक फेरी दर दोन-तीन वर्षांनी आपल्याकडं येते, ‘साहेब प्लाझ्मा आहे, काहीच शिल्लक राहत नाही, काच होते फक्त’. इंग्लंडमध्ये टीस व्हॅलीला एअर प्रॉडक्ट्ससारख्या मोठ्या कंपनीनं प्लाझ्मा गॅसिफिकेशनचे दोन प्लांट, पन्नास-पन्नास मेगावॅटचे, उभे करायला घेतले आणि २०१६ मध्ये दोन्ही सोडून दिले, एक अब्ज डॉलरच्या आसपासचा खड्डा पडला. आपल्या जवळ रांजणगावला हॅझार्डस म्हणजे धोकादायक वेस्टसाठी प्लाझ्मा बसवला होता, क्षमता दिवसाला ७२ टन आणि वीज दीड मेगावॅटच्या आसपास सांगितलेली. गणित करा, टनामागं वीज किती कमी. कारण तिथं मूळ काम विषारी कचरा मोडणं हे आहे, कंपन्या त्याचे टनामागं पैसे भरतात. वीज निघाली तर निघाली.

आणि पायरोलिसिसवाले, म्हणजे हवा न देता तापवून टायरचं तेल काढणारे, वेगळेच. टायरमधनं चाळीस-पंचेचाळीस टक्के तेल, तिसऱ्या हिश्श्याएवढी कार्बन पावडर, थोडी तार, उरलेला गॅस. तेल निघतं हे खरं. पण रिॲक्टरचं दार गरम असताना उघडलं की काय होतं हे पेपरात वाचलंच असेल. २०२२ मध्ये बाहेरनं टायर आणून त्याचं पायरोलिसिस तेल करायला आपल्या देशात बंदी घातली, ती उगीच नाही. आणि त्या तेलावर जनरेटर चालवू म्हणतात, इंजेक्टरचं काय होतं ते कुठल्याही चांगल्या डिझेल मिस्त्रीला विचारा.

आपल्या देशाचं म्हणाल तर सुरुवातच वाईट झाली. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्रावर तीनशे टनांचा, पावणेचार मेगावॅटचा प्लांट आणला, आणि कचरा जळेचना, कारण आपल्या गावच्या कचऱ्यात माती आणि ओल, उष्मांक त्यांच्या डिझाईनच्या निम्मा. थोड्याच दिवसांत बंद. त्यात तंत्राचा दोष नव्हता, इंधन न तपासता मशीन आणलं एवढंच. मग २०१६ च्या घनकचरा नियमात आलं की १५०० किलोकॅलरीच्या वरचा कचरा पुरायचा नाही, ऊर्जेसाठी किंवा आरडीएफसाठी द्यायचा, आणि आरडीएफ प्लांटपासनं शंभर किलोमीटरच्या आतल्या इंधन वापरणाऱ्या कंपन्यांनी पाच टक्के तरी इंधन त्यातलं वापरायचं. कागदावर चांगलं होतं. किती जणांनी केलं ते तुम्ही तुमच्या शेजारच्यांना विचारून बघा.

आपल्याकडं खरं चालतंय ते सिमेंट. भट्टीत ज्योत दोन हजार डिग्रीच्या आसपास, माल १४५० डिग्री, गॅस आत बराच वेळ राहतो, चुना भरपूर असल्यामुळं ॲसिड तिथंच मरतं, आणि राख क्लिंकरमध्येच, म्हणजे ज्याचं दळून सिमेंट होतं त्या खड्यातच, जाते, म्हणजे राखेचा प्रश्न उरत नाही. युरोपचा नियम आहे की कचरा जाळताना ८५० डिग्रीला दोन सेकंद तरी गॅस राहिला पाहिजे, आणि हॅझार्डसमध्ये एक टक्क्याच्या वर क्लोरीन असेल तर ११०० डिग्री. भट्टीत हे आपोआप होतं. जर्मनीत सिमेंटची साठ-सत्तर टक्के उष्णता असल्या पर्यायी इंधनातनं येते, आपण अजून एक आकडी टक्क्यातच घुटमळतोय. म्हणजे तिथं माल घ्यायला जागा आहे. भट्टीलापण क्लोरीन जास्त चालत नाही हां, माल तापवायच्या सायक्लोनमध्ये गठ्ठे धरतात, त्यामुळं पीव्हीसी तिथंही नको म्हणतात.

यात वीज नाही होत, बरोबर. पण तुमचा एक टन ६००० चा माल तिथं दीड टन देशी कोळसा वाचवतो. तुमच्या पन्नास किलोवॅटच्या प्लांटमध्ये त्याच मालातले दहा टक्के हातात येतात, तिथं जवळजवळ सगळी उष्णता कामाला लागते. मला विचाराल तर नॉन-रिन्यूएबल कचरा जाळायचाच असेल तर वीज हा त्याचा सगळ्यात उधळा उपयोग आहे.

मग तुम्ही करायचं काय? पहिलं, पीव्हीसी आणि रबर वेगळं काढा, शॉप फ्लोअरवरच, नंतर ढिगातनं निवडणं होत नाही. स्वच्छ प्लास्टिकच्या रिजेक्शनला ग्राइंडरवाला किलोवर पैसे देतो, ते जाळायचा विषयच नको. म्हणजे दोन टनातलं खरं जळाऊ किती उरतं ते कळेल, माझा अंदाज निम्म्यावर येईल. त्याचे नमुने काढून जीसीव्ही (उष्मांक), ओलावा, राख, क्लोरीन आणि सल्फर एवढं तपासून घ्या, रबरात सल्फर असतंच. हा रिपोर्ट हातात असला की सिमेंटसाठी माल तयार करणाऱ्या प्री-प्रोसेसिंगवाल्याशी बोलता येतं, कलबुर्गी-वाडी पट्ट्यातल्या भट्ट्या आपल्याला फार लांब नाहीत. एकट्याचा माल कुणी उचलणार नाही, पाच-पन्नास युनिटांनी मिळून एक शेड केली, बेल म्हणजे दाबून गठ्ठे केले आणि गाडी भरून पाठवली तरच भाडं निघतं. इथं इंडस्ट्रीज असोसिएशननं पुढाकार घ्यायला पाहिजे, वीज प्रकल्पाच्या मीटिंगा घेण्यापेक्षा हे लवकर होईल.

वीजच करायची असा कुणाचा हट्टच असेल तर इचलकरंजीचे कापड प्रोसेसवाले डोळ्यापुढं ठेवून विचार करा. त्यांना दिवसभर वाफ लागते, आज कोळसा आणि लाकूड जाळतात. रोज शे-दीडशे टन एकसारखा माल, चांगला बॅग फिल्टर, गॅस पटकन थंड करायची व्यवस्था, कारण २५० ते ४०० डिग्रीच्या पट्ट्यात गॅस रेंगाळला की डायॉक्सिन परत बनतं, आणि वाफ घ्यायचा दहा-पंधरा वर्षांचा करार, एवढं जमलं तर बॅक प्रेशर टर्बाईन (वाफ आधी त्यातनं नेऊन मग प्रोसेसला द्यायची) लावून वरची वीज काढता येईल. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या सगळ्या एमआयडीसी धरल्या तर एवढा माल निघेलही, गोळा कोण करणार हा प्रश्न.

गुऱ्हाळाला किंवा वीटभट्टीला रबर देऊ नका. उचलायला ते फुकट येतात, सोपं वाटतं, पण चुलवाणाची ज्योत कमी, चिमणी बुटकी, आणि वर काहिलीत लोकांच्या खायचा गूळ शिजतोय. तुमच्या कंपनीचं नाव असलेला तुकडा तिथं सापडला तर प्रदूषण मंडळाला उत्तर तुम्हाला द्यायचंय.

पेंट स्लज यात कुठंच मिसळायचा नाही, तो हॅझार्डसमध्ये येतो. झाकणाच्या ड्रममध्ये, लेबल लावून, रजिस्टरला वजन लिहून, अधिकृत ठिकाणीच, आणि प्रत्येक खेपेला फॉर्म १० चा मॅनिफेस्ट, म्हणजे माल कुठनं कुठं गेला त्याचा कागद. पार्टीनं ‘तेपण आमच्याकडंच द्या, त्यातच जाळू’ म्हटलं तर त्यांच्याकडं प्रदूषण मंडळाचं हॅझार्डस वेस्टचं ऑथोरायझेशन आहे का ते बघायला मागा. नुसतं कन्सेन्ट दाखवतील, ते चालत नाही.

त्या पार्टीला परत बोलावणार असाल तर तीन कागद मागा: सध्या चालू असलेल्या त्यांच्या प्लांटचं बारा महिन्यांचं मीटर रीडिंग, त्याच महिन्यांत किती टन माल जाळला त्याचं वजनकाट्याचं रजिस्टर, आणि राख कुठं गेली त्याच्या पावत्या. तिन्ही घेऊन आले तर मला फोन करा, मी पण बघायला येतो.